लाल पट्टीची तार

बुधवारी सकाळी सात वाजता काशीरामने उशीखालून फोन काढला, चष्मा न लावताच नाकाशी धरला, आणि निरोपाशेजारचं ते इवलंसं घड्याळ अजून तिथंच आहे हे पाहून तो पुन्हा उशीवर पालथा टाकला. निरोप अडकला असला की घड्याळ दिसतं, गेला की एक खूण, पोचला की दुसरी, एवढं त्याला मुलाने, प्रीतमने, शिकवलं होतं. सोमवारी साडेअकराला त्याने बाल्कनीत कपड्यांच्या दांडीखाली उभं राहून, फोन तोंडाशी धरून, धाकट्या भावाला निरोप बोलला होता. बोलला म्हणजे काय, आठ वेळा बोलून आठ वेळा पुसला होता. एकदा घसा बसला, एकदा खाली भंगारवाला ओरडला, एकदा नुसतंच 'लहू' म्हणून पुढे काही सुचेना. नवव्यांदा जमलं. 'लहू, मी काशी. यंदा माझो गणपती मी हय हाडूचंय नाय. थयच येतलंय. पाट शाळेत देवन इलंस काय ता सांग.' यंदा गणपती मुंबईत आणत नाही, गावीच येतो, एवढंच; सारा मिळून दहा-बारा सेकंदांचा मामला. पण अकरा वर्षांत सख्ख्या भावाशी बोललेले ते पहिले शब्द होते, आणि ते आज तिसऱ्या दिवशी मुलुंडच्या सातव्या मजल्यावरच लटकलेले होते. फोन करावा तर तिकडून 'कोण?' असं येणार, आणि त्या 'कोण'ला उत्तर द्यायची छाती बहात्तराव्या वर्षीही काशीरामला नव्हती. निरोपाचं बरं असतं. आपण बोलायचं, आणि तो ऐकेल तेव्हा आपण समोर नसायचं.

वायफाय सोमवारपासून बंद होतं. त्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला प्रीतम अचानक ऑफिसातून परत आला, 'डोकं चढलंय' म्हणाला, थोडा वेळ स्वयंपाकघरातल्या राउटरशी खुडबुड केली आणि हॉलमध्ये येऊन म्हणाला, 'बाबा, राउटर गेला. कंपनीवाले म्हणतायत नवा पाठवू, आठ-दहा दिवस लागतील. तुम्ही हात नका लावू हां त्याला.' मग तो आतल्या खोलीत दार लावून पडला. संध्याकाळी ऑफिसचं काम निघालं म्हणून नाशिकला गेला, तो अजून यायचा होता. बाकी जगाला काही फरक पडला नाही. सूनबाईच्या, अक्षताच्या, फोनला स्वतःचं इंटरनेट होतं. एरवी बुधवारी ती घरून काम करायची, पण वायफाय नाही म्हणून आज सकाळीच पवईला गेली. काशीरामच्या फोनला मात्र नुसतं बोलण्यापुरतं रिचार्ज होतं. घरात वायफाय असताना म्हाताऱ्याला आणखी कशाला, असं त्यानेच ऐटीत म्हटलं होतं. आता ऐट निघाली. आणि बोलण्यापुरता म्हणून ठेवलेला तो फोन तरी कुठे वाजत होता? सोमवारपासून एकदाही वाजला नव्हता. गावाकडच्या वरच्या घरातला जयवंत दर मंगळवारी न चुकता फोन करून गुडघ्याचं रडगाणं गायचा, तोही काल विसरला. काशीरामला मनातून वाटत होतं की बायपासनंतर आठ महिने झाले, लोक किती दिवस विचारपूस करणार. माणूस मेला नाही की हळूहळू चौकशा मरतात.

राउटर तसा मरणाला टेकलेलाच होता. नऊ वर्षांपूर्वी नव्या इमारतीत राहायला आले तेव्हाचा. पांढरा होता तो पिवळट झाला होता, एक शिंग मोडलं म्हणून त्याला रबरबँड लावला होता, ॲडॉप्टरची पिन ढिली झाली म्हणून खाली घडी घातलेला कागद होता. दिवसातून दोनदा तो अडायचा, आणि मग घरातलं कुणीतरी ओरडायचं, बंद करून चालू कर. त्याची जागाही इरसाल होती. स्वयंपाकघरात देव्हाऱ्याच्या बरोबर डोक्यावर, वीतभर फळीवर. कारण बिल्डरने त्या भिंतीला एकच बोर्ड दिला होता, आणि त्याच बोर्डावर देवाच्या दिव्याचं बटण होतं. काशीरामची बायको वनमाला तेव्हा होती. देवाच्या डोक्यावर हे काय डबडं, म्हणून तिने दोन दिवस कटकट केली, मग तिसऱ्या दिवसापासून देवांबरोबर राउटरवरही उदबत्ती ओवाळायला लागली. तिच्या उदबत्त्यांचा काळपट थर त्याच्या पोटाला अजून होता. देव्हाऱ्यातला तो छोटा विजेचा दिवा तिने रात्रंदिवस चालू ठेवायची रीत घातली, आणि ती गेली तरी रीत राहिली. पूजा अक्षता करायची. काशीराम सकाळी आंघोळ करून समोर उभा राहून हात जोडायचा, तेवढंच.

गेले आठ महिने मात्र त्याचा खरा देव सकाळी सातला फोनवर यायचा. बायपास करून तो घरी आला त्याच्या तिसऱ्या दिवशी लहूच्या नंबरावरून एक फोटो आला. विहिरीचा रहाट. खाली एक अक्षर नाही. काशीराम तो फोटो घेऊन तासभर बसला. चुकून आला असेल असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा आला, पडवीत वाळत घातलेल्या सुपाऱ्या. मग गोठा, मग ओहोळावरचा साकव, मग कोंबडी, एकदा तर लहूचा नुसता अंगठा. लहूला फोनवर लिहिता यायचं नाही, आणि बोलायचं नव्हतं. काशीराम उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायचा. रोज एक फोटो, रोज एक नमस्कार. त्याने कुणाला हे सांगितलं नाही. सकाळी साडेसहापासून तो जागा होऊन पडून राहायचा आणि सातला फोन थरथरला की आतून सैल व्हायचा. त्या फोटोंमध्ये त्याचं सगळं घर तुकड्यातुकड्याने येत होतं. फक्त लहू येत नव्हता, आणि गणपतीची खोली येत नव्हती.

भांडण त्या खोलीवरूनच झालं होतं. घर एक तर गणपती एक, ही त्यांची पिढ्यांची रीत. मुंबईत कितीही वर्षं काढली तरी गणपतीला गावी जायचं आणि सगळ्यांनी मिळून एकाच मूर्तीसमोर बसायचं. अकरा वर्षांपूर्वी वनमालेचे पाय सुजायला लागले, प्रवास बंद झाला, आणि ती एके दिवशी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, 'मग मी गणपती बघूचोच नाय काय?' काशीरामने दीड दिवसाचा गणपती मुंबईतच आणला. भावाला विचारलं नाही, नुसतं कळवलं. लहूचा फोन आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, 'देव वेगळो केलंस, आता भाऊ तरी कित्याक व्हयो तुका?' आणि फोन ठेवला. वनमाला गेली तेव्हा बाराव्याला आला, कोपऱ्यात बसला, जेवला, पान उचललं, निघून गेला. जाताना दारात चपला घालताना काशीरामच्या खांद्याला त्याचा हात लागला. मुद्दाम की धक्का, हे काशीरामला आजतागायत कळलेलं नव्हतं. अन् सोमवारी सकाळी सातला पाटाचा फोटो आला. त्यांच्या वडिलांनी फणसाच्या लाकडातून काढलेला, गणपतीचा पाट. काशीरामने सातव्या वर्षी त्यावर पणती लवंडून एक कोपरा जाळला होता आणि त्याबद्दल लहूने मार खाल्ला होता. धुऊन, अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्याला टेकवून वाळत घातलेला. श्रावण लागला की घराघरातून हे पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्याकडे, नेऊन देतात. मूर्ती त्या पाटावरच घडते आणि त्यावरूनच घरी येते. लहूने नुसता फोटो पाठवला होता. पण जळका कोपरा पुढे करून ठेवला होता. काशीराम चार तास घरभर फिरला, आणि साडेअकराला बाल्कनीत गेला.

चहा झाल्यावर त्याने शेजारचं दार वाजवलं. राधा, चाळिशीची बाई, याच मजल्यावर आठ वर्षं राहणारी, एरवी काशीराम दिसला की हात धरून आत ओढायची आणि आल्याचा चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. आज तिने दार अर्धंच उघडलं.

'अंकल! काय झालं? बरं वाटतंय ना?'

'मला काय धाड भरलीय. तुझ्या वायफायचा पासवर्ड दे गं पाच मिनिटं. एक निरोप अडकलाय माझा.'

राधाच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. 'अय्यो, आमचं पण स्लो आहे अंकल. आणि पासवर्ड ना, यांनाच माहितीये. संध्याकाळी विचारते हां.' मग दार लोटता लोटता तिने एकदम विचारलं, 'जेवण आहे ना तुमचं? अक्षता ठेवून गेलीय ना? काही लागलं तर मला आवाज द्या. मी घरीच आहे आज. मुद्दाम घरीच आहे.'

दार लागलं. दोन दारांमधल्या तीन फुटांच्या जागेत काशीराम फोन धरून उभा राहिला. पाच मिनिटांच्या पासवर्डाला नाही म्हणणारी ही बाई जेवणाची मात्र एवढी चौकशी करते, याचा त्याला राग आला. आत टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. म्हातारा माणूस म्हणजे सगळ्यांना नुसतं पोट वाटतं, पोटाला मिळालं की झालं. तो घरी आला, दार ओढून घेतलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्या पिवळट डबड्याकडे वर पाहिलं. पहिला दिवा हिरवा, दुसरा हिरवा, तिसरा लाल. 'हात लावू नका म्हणे,' तो मोठ्याने म्हणाला. 'छत्तीस वर्षं हात लावण्याचाच पगार खाल्ला.'

टेलिफोन खात्यात काशीराम केबल जॉइंटर होता. घाटकोपर ते मुलुंड, रस्त्याच्या कडेला खड्डा खणून त्यावर तंबू ठोकायचा, आत कंबरभर उतरायचं, शिशाचं कवच सोलायचं की आतून कागदात गुंडाळलेल्या तारांच्या शेकडो जोड्या बाहेर यायच्या. सगळ्या सारख्या. त्यातली कुठली कुणाच्या घरी जाते हे टोक धरून, कानाला काळा हँडसेट लावून ओळखायचं. तुटलेल्या जोडीत समुद्राच्या शंखासारखी पोकळी ऐकू यायची आणि जोडी जुळली की घूं घूं. त्या एका आवाजासाठी आयुष्य गेलं. शिवदास म्हणून मोठा जॉइंटर होता, अबोल, तंबाखू चोळत बसणारा. त्याने पहिल्या दिवशी काशीरामच्या हातातली पक्कड काढून घेतली होती. 'आधी बघ. सगळं बघून झालं की मग हात. आणि फॉल्ट कुठं आहे ते शोधत नको बसू, कुठं नाही ते शोध. लाइन अर्धी कर. ज्या अर्ध्यात नाही ते सोड. उरलेलं पुन्हा अर्धं कर.' काशीरामला ती रीत इतकी भिनली होती की घरात किल्ली हरवली तरी तो खोली अर्धी करूनच शोधायचा, आणि वनमाला कमरेवर हात ठेवून हसायची.

त्याने स्टूल आणलं. बायपासनंतर स्टुलावर चढायला बंदी होती. हॉस्पिटलातून निघताना डॉक्टरांनी प्रीतमला बाजूला घेऊन सांगितलं होतं की जपा, दगदग नको, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. प्रीतमने ते इतकं मनावर घेतलं होतं की घरात वर्तमानपत्रही आधी तो चाळायचा. काशीराम ओट्याला धरून एकाच पायरीवर चढला. आधी बघितलं. मग बोर्डावरचं राउटरचं बटण बंद केलं, तीसपर्यंत आकडे मोजले, चालू केलं. हिरवा, हिरवा, लाल. म्हणजे वीज ठीक, पिन ठीक, कागदाची घडी ठीक. हे अर्धं सोडलं. बाहेरून येणारी लाइन भिंतीवरच्या पांढऱ्या डबीत उतरत होती. त्या डबीचे सगळे दिवे हिरवे होते. म्हणजे कंपनीची लाइन जिवंत, रस्त्यावर काही तुटलेलं नाही, हेही सोडलं. त्याला मजा वाटायला लागली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बोटं आपसूक चालत होती. उरली डबीपासून राउटरपर्यंतची हातभर तार. ती काशीरामने स्वतः ओळखीसाठी टोकाशी लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती, जॉइंटरच्या सवयीने. चष्मा वर करून त्याने तारेवरून बोट फिरवत फिरवत नेलं. राउटरच्या पाठीला पाच भोकं होती. एक निळं, बाहेरून येणाऱ्या लाइनचं. चार पिवळी, घरातल्या यंत्रांसाठी. ती कधी वापरलीच नव्हती. लाल पट्टीची तार तिसऱ्या पिवळ्यात होती.

तो स्टुलावर तसाच थांबला. निळ्या भोकाच्या कडेची धूळ पुसली गेली होती, आणि पिवळ्यावर अर्धवट बोटाचा ठसा होता. ही तार खेचून निघत नाही. खालची खिट्टी नखाने दाबावी लागते, तेव्हा सुटते. म्हणजे कुणीतरी खिट्टी दाबली, तार काढली, आणि दिवे जिवंत दिसावेत पण येऊ काहीच नये अशा जागी नेऊन बसवली. फॉल्ट असा नसतो. फॉल्टला पाणी लागतं, उंदीर लागतो, गंज लागतो, रस्ता खणणारा लागतो. याला माणूस लागला होता.  गेल्या आठवड्यातच प्रीतम म्हणाला होता, बाबा, पहाटेपासून डोळ्यांसमोर मोबाइल धरून पडता, चांगलं नाही. म्हणजे हे असं. पोराचा मोबाइल काढून घेतात तसा. तोंडावर सांगितलं असतं तर काशीराम चार शिव्या देऊन गप्प बसला असता. पण राउटर गेला म्हणून सांगायचं, कंपनीचं नाव घ्यायचं, आठ-दहा दिवस म्हणायचं! आणि कुणाला, तर केबल जॉइंटरला! अपमान त्याचाच जास्त होता. त्याला एकदम आपण या घरात किती जागा व्यापतो ते दिसलं. एक कॉट, एक गोळ्यांचा डबा, एक फोन. त्यातला फोन यांनी वरून कापला. वनमाला असती तर असं कुणी धजलं नसतं, असं मनात आलं आणि डोळे भरून आले.

त्याने खिट्टी दाबली. टक. तार सुटून हातात आली. आता निळ्यात घातली की तिसरा दिवा हिरवा होणार, फोनमधलं घड्याळ जाणार, आणि निरोप घाट उतरून लहूच्या हातात पडणार. त्या आनंदात राग अर्धा विरला. पण फळीच्या सावलीत निळं भोक नीट दिसेना, चष्म्यावर वाफ धरली होती. उजेडाला म्हणून त्याने सवयीने डावा हात खाली नेला आणि देवाच्या दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला.

लागला, म्हणजे बंद होता. वनमालेने रात्रंदिवस चालू ठेवलेला दिवा बंद होता, आणि त्याचा दुसरा अर्थ असा की गेले दोन दिवस काशीराम सकाळी इथे उभा राहिला तेव्हा त्याची नजर देवांवर नव्हतीच, वर लाल दिव्यावर होती. हात जोडले की नाही हेही त्याला आठवेना. त्याने वाकून आत पाहिलं. गणपतीवरचं जास्वंदीचं फूल सुकून काळं पडलं होतं. सोमवारचं. तांब्यातलं पाणी खाली गेलं होतं, निरांजन कोरडं. अक्षता पूजा चुकवणारी नव्हती. महिन्याचे तिचे चार दिवस असले की आदल्या रात्री सांगायची, बाबा, उद्यापासून तेवढी पूजा. प्रीतम घरात असला तरी काशीरामलाच सांगायची, म्हाताऱ्याला बरं वाटतं म्हणून. या वेळी सांगितलं नाही. म्हणजे ते कारण नाही. पूजा तिला चालत नाही, आणि मलाही चालत नाही. म्हणून सांगितलं नाही. या घरात आम्हां तिघांनाही देवाला शिवायला चालत नाही.

त्याने झटकन बटण बंद केलं. हात भाजल्यासारखा मागे घेतला.

सुतक होतं. घरात सुतक होतं आणि त्याला ठाऊक नव्हतं. एका हाताने ओटा धरून, दुसऱ्या हातात ती तार, तो स्टुलावर उभा होता आणि डोकं आपल्या जुन्या रीतीने चालायला लागलं, त्याने कितीही नको म्हटलं तरी. अक्षताच्या माहेरचं नाही, ते आपल्याला लागत नाही. म्हणजे आपल्या भावकीतलं. भावकीची सोळा घरं. गेल्या वर्षी वरच्या घरातले एक आप्पा गेले, तेव्हा अक्षताने चहा देतानाच सांगितलं होतं, 'बाबा, वरचे आप्पा गेले, सुतक आलंय,' आणि त्याने कप तसाच ठेवून आंघोळ केली होती. तेव्हाही छाती दुखतच होती त्याची. तरी सांगितलं. म्हणजे लांबचं असतं तर सांगितलं असतं. वरची आठ घरं सोडली. खालच्या वाडीतलं कुणी असतं तर जयवंतने कालच रडत रडत कळवलं असतं; जयवंतचं तोंड यांनी बंद केलंय, राधाचं केलंय, सगळ्यांची तोंडं बंद केलीत. प्रीतम नाशिकला जाताना रबरी चपला घालून गेला. ऑफिसच्या कामाला गावच्या चिखलातल्या रबरी चपला; नाशिकला गेलाच नाही तो. सोमवारी साडेदहाला तो धावत घरी आला ते डोक्यासाठी नाही, या तारेसाठी. फोनवर काही येऊ नये म्हणून. कुणाची बातमी माझ्यापासून एवढी लपवतील? अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं. शेवटी एकच जोडी हातात उरली. त्याने ती कानाला लावली, आणि आत पोकळी होती.

लहू गेला होता.

काशीराम स्टुलावरून उतरला आणि ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसला. तार अजून त्याच्या हातात होती, ताणली गेली म्हणून फळीवर राउटर थोडा तिरका झाला होता. तो रडला नाही. त्याला आधी हिशोब लागला तो वेळेचा. सातला पाटाचा फोटो. साडेदहाला प्रीतम घरी. त्याच्या मधे केव्हातरी. म्हणजे आपण साडेअकराला बाल्कनीत उभे राहून आठ-आठदा घसा खाकरत होतो, आणि आत दार लावून पडलेला प्रीतम फोनवर हळू आवाजात लाकडांचं विचारत होता. नऊ वाजता हिंमत केली असती तर? आठला? अकरा वर्षं हिंमत केली असती तर? लहू त्या सकाळी पाट धूत होता. दोन्ही हातांनी घासला असेल, जळका कोपरा जास्त. मग फोटो काढला असेल, एक डोळा मिटून, जीभ दातांत धरून, लहानपणी नेम धरायचा तसा. मग वाट बघितली असेल का? रोज पाच मिनिटांत जोडलेले हात जायचे. सोमवारी पाट बघून काशीराम इतका हलला होता की त्याने हातही पाठवले नव्हते. हे आत्ता लक्षात आलं, आणि तेव्हा त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो त्याला स्वतःलाच ओळखता आला नाही. फ्रिज घरघरत होता. शेजारी राधाच्या घरी कुकरची शिटी झाली.

बऱ्याच वेळाने त्याने फोन काढून निरोपावर बोट ठेवलं. स्वतःचाच आवाज आला, उगाच चढवलेला, गमतीशीर. 'लहू, मी काशी.' तार निळ्यात घातली तर हा आवाज आत्ता निघेल. लहूचा फोन त्याच्या बायकोच्या, मथुराच्या, हातात असेल, नाहीतर दिव्याशेजारी ठेवलेला असेल. भरल्या घरात तो वाजेल, कुणीतरी सहज दाबेल, आणि जमिनीवर बसलेल्या त्या सगळ्या बायांच्या मधे हा म्हातारा हसऱ्या आवाजात विचारेल, पाट शाळेत देवन इलंस काय. नाही. पुसावा म्हणून त्याने बोट दाबून धरलं, तर फोनने विचारलं, पुसायचा का? बोट पुढे जाईना. राहू दे. घड्याळासकट राहू दे. तो पुन्हा स्टुलावर चढला, राउटर सरळ केला, आणि तार होती तशी तिसऱ्या पिवळ्या भोकात बसवली. टक. पोरांनी मनापासून केलेलं काम होतं. वाईट केलं असं त्याला म्हणवेना. एवढा मोठा दुःखाचा दगड दोघांनी दोन दिवस आपल्याच छातीवर ठेवला होता, आणि तो त्यांना दूषणं देत बसला होता. पण त्यांनी त्याला दोन दिवस भावाशिवाय जेवायला घातलं, झोपू दिलं, दाढी करू दिली, हेही खरं होतं.

मग तो न्हाणीघरात गेला. गीझर लावला नाही. बनियन, लेंगा, अंगावरच्या सगळ्या कपड्यांनिशी मोरीत बसला आणि थंड पाण्याने भरलेली बादली एकेक तांब्या करून डोक्यावर ओतली. छातीवरच्या उभ्या व्रणावरून पाणी जाताना चटका बसला. सोमवारचं पाणी बुधवारी. प्रत्येक तांब्याला त्याने भावाचं नाव घेतलं, मोठ्याने, घरात कुणी नव्हतं म्हणून, आणि बंद खोलीत ते नाव अकरा वर्षांचं सगळं एकदम घेतल्यासारखं घुमत राहिलं.

तीन वाजता कुलपात किल्ली फिरली. अक्षता अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली होती. दारातच तिने हसून विचारलं, 'जेवलात ना बाबा? डबा उघडलेला दिसत नाही,' आणि मग ती थांबली. काशीराम हॉलमध्ये कॉटवर नव्हता, खाली चटईवर बसला होता. केस ओले, विंचरलेले नव्हते. न्हाणीघराच्या दारावर पिळून टाकलेला लेंगा-बनियन ठिबकत होता. अक्षताने त्या कपड्यांकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं, फळीखालच्या स्टुलाकडे पाहिलं. तिच्या खांद्यावरची बॅग हळूहळू घसरत कोपरापर्यंत आली.

'बाबा,' ती म्हणाली. 'आत्ता... आंघोळ?'

काशीरामने मान हलवली. तिने तोंडावर हात धरला आणि उंबऱ्यातच बसली. 'आम्ही सांगणारच होतो बाबा, शप्पथ. प्रीतम म्हणाला, पहिले दहा दिवस तरी... डॉक्टरांनी... पाच मिनिटांत झालं म्हणे सगळं. अंगणातच. त्यांना त्रास नाही झाला बाबा.'

'अंगणात,' काशीराम म्हणाला.

'हो. तुळशीपाशी.'

 अक्षता रडत होती, आणि तिला जवळ घ्यावं असं काशीरामला वाटत होतं. मग त्याने हात पुढे केला, तिचा फोन मागितल्यासारखा.

'प्रीतमला लाव,' तो म्हणाला. 'तुळशीला टेकवून पाट वाळत घातलाय, तो कुणी आत घेतला का विचार. नसेल घेतला तर म्हणावं, घे. लहू दमून गेला धुऊन.'